बर्फावरच्या साहेबाची शेगडी

खेमराज : हात नका लावू बाई, आधी डोळे भरून बघून घ्या. असा माल गोंदियाच्या अख्ख्या बाजारात दुसऱ्या दुकानात दिसला, तर खेमराज सेठ हे नाव बदलून टाकीन.

रुख्मा : हात नाई लावत, सेठ. मले वाटलं कंदील हाय, पोट फुगलेला.

खेमराज : कंदील! अहो, ही विलायती शेगडी आहे. हीटर म्हणतात. रेल्वेच्या बंगल्यातला साहेब देश सोडून गेला, त्याच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा उचलली मी. मिट्टी के तेल पे चलती है. ना धूर, ना राख.

रुख्मा : साहेब गेला अन् शेगडी ठेवून गेला? त्याच्या मुलखातली थंडी सरली का?

खेमराज : सामान जास्त झालं असेल.

रुख्मा : झालं असल. साहेब लोक येताना एकच पेटी घेऊन आले होते म्हनतात.

बकाराम : रुख्मा, तू थोडी चूप राह्य. सेठ, मी सांगतो तुमाले. सौंदडच्या तिकडं तलावाच्या पारीवर, बांधावर, माही झोपडी हाय. रातभर मासोळीची राखन करतो. पुसाच्या महिन्यात पान्यावरून असा वारा येते का हाडात सुई टोचल्यावानी.

रुख्मा : पूर्न सांगा ना. थंडी वाजते म्हून दारू पेतो, हे बी सांगा. सेठ, म्हूनच तं आगगाडीत बसवून आनलं मी यायले. शेगडी घेतली का बहाना संपला.

बकाराम : मी पेत नाई.

रुख्मा : हो, तुमी नाई पेत. जमीनच हालते.

खेमराज : अरे भाई, घरचा झगडा घरी ठेवा. दुकानात फक्त भाव करायचा.

रुख्मा : घरचा कुठचा, सेठ? गावाचा झाला. मालगुजारी गेली, तलाव आमच्या ढिवरांच्या सोसायटीले भेटला, सोसायटीनं यायले राखनदार केलं. आता सकाळी लोक जाळे घेऊन पारीवर येतात, तं राखनदार झोपडीतून झिंगत निंघते. भिंतीले धरून उभं राहते अन् ओकते. सोमवारी बैठक हाय. त्याच्या आत अजून एकदा असे दिसले, तं राखन चैतरामले. अध्यक्षानं, खुशालभाऊनं, तोंडावर सांगतलं.

बकाराम : अन् खुशालभाऊले कोनं सांगतलं?

रुख्मा : मी सांगतलं. चोरून नाई सांगतलं, तुमच्या पुढंच सांगतलं.

बकाराम : ऐका, सेठ. दुसऱ्यायच्या बायका नवऱ्याचं झाकतात.

रुख्मा : झाकलं तं. महिनाभर झाकलं. तोंडाचा वास घेऊन पाह्यला रोज सकाळी, वास बी नाई. तवा समजली का वास माराले जांबाची पानं चावून येतात.

बकाराम : पारीवर जांबाचं झाड कोठं हाय?

रुख्मा : तेच तं. एवढ्या दूर जाऊन पानं आनता, अन् घरी चुलीले काड्या आना म्हटलं तं पाय दुखतात.

खेमराज : बाई, तुम्ही वकिलीण व्हायला पाहिजे होतं. आता मालाचं बोलू. बकाराम, शेगडीच्या पेटीवरचं हे चित्र बघ. हा साहेब काय करतोय, ओळख.

बकाराम : बसला हाय. शेगडीपाशी. हीच शेगडी का ते? हातात काडी... सेठ, हे तं गरी हाय!

खेमराज : गरीच, मासे धरायचा गळ. अन् बसलाय कशावर?

बकाराम : पांढरं हाय. चुना टाकला का जमिनीवर?

खेमराज : बर्फ! तळं आहे ते. त्यांच्याकडे थंडीत तळं वरून गोठतं. मग त्याला भोक पाडायचं, भोकावर तंबू ठोकायचा, तंबूत ही शेगडी लावायची, अन् आरामात बसून मासे धरायचे.

रुख्मा : पानी दगड झालं, तरी यायचं मन मासोळीवरून उठत नाई. अन् मागासलेले कोन, तं ढिवर.

बकाराम : पान्यावर शेगडीचा इस्तो पेटवते अन् बुडत नाई?

खेमराज : हातभर जाड असतो बर्फ. शेगडीला पाय आहेत, बघ. खाली गरमी जात नाही.

रुख्मा : सेठ, खरं सांगा. ह्या शेगडीचा मालक विलायतेले गेला का बर्फाखाली? मेल्या मानसाची चीज मी घरात नाई घेत.

खेमराज : विलायतेला गेला बाई! मी स्वतः स्टेशनवर पाहिला, हार घातला होता लोकांनी.

रुख्मा : हार तं जित्याले बी घालतात, मेल्याले बी.

बकाराम : तिच्याकडं ध्यान नका देऊ. तेल कितीक पेते हे?

रुख्मा : पेयाचं बरोबर विचारलं.

खेमराज : एकदा भरली की रात्र जाते. पण खरं सांगू? तेलाचा खर्च आहे, अन् रेशनला तेल मिळतं थोडं. त्यापेक्षा ही लोखंडी सिगडी घे. रेल्वेवाले हीच वापरतात. दगडी कोळसा टाका, लाल होते, सकाळपर्यंत हात लावता येत नाही. आता काय वापरतोस?

बकाराम : मातीची गोरसी. घरात असते तशीच. चुलीतले निखारे भरून नेतो.

खेमराज : गोरसी म्हातारीच्या खाटेखाली ठेवायची चीज. तळ्यावर काय पुरणार! झोपडी केवढी?

बकाराम : दोन मानसं आडवी होतील. पायाशी एक कुत्रा.

खेमराज : वारा आत येतो?

बकाराम : वारा? मुंगी नाई शिरत, सेठ. पहिले कुडाची होती, वारा इकडून घुसे अन् तिकडून निंघे. दिवाळी झाल्यावर हिनं हाती घेतली. तिच्या हातचं सारवन पाहा तुमी एकदा!

रुख्मा : आता कायले गोड बोलता?

बकाराम : गोड नाई, खरं हाय ते सांगतो. तलावाची चिकनमाती, धानाचं तनिस बारीक कापून त्यात, वरून शेन. आतून बी, बाहेरून बी. रेल्वेची जुनी ताडपत्री वर टाकली, तिच्या कडा बी मातीत दाबल्या.

रुख्मा : काडी घुसवाले जागा नाई ठेवली मी. मानूस रातभर पारीवर राहते, म्हटलं वारा नाई लागला पाह्यजे. मले काय मालूम, यायले आडोसा पेयाले पाह्यजे होता.

खेमराज : थांबा, थांबा. एवढी बंद झोपडी, आत गोरसी, मग थंडी वाजते कुठे?

रुख्मा : हेच मी विचारून राहिली दीड महिन्यापासून!

बकाराम : अंगाले नाई वाजत. अंग गरम राहते. डोक्यात शिरते. पहाटे उठलो का डोकं असं ठनकते जसं मुसळ चालून राहिलं. पोटात ढवळते, पाय आपले नाई राहत. थंडीच हाय ते. दाराच्या फटीतून येत असल. म्हून मी आता पोतं भिजवून फटीले लावतो. अन् गोरसीत डबल निखारे.

खेमराज : मग बरं वाटतं?

बकाराम : नाई. अजून जास्त ठनकते. म्हून तं म्हटलं, मोठी शेगडी पाह्यजे.

रुख्मा : ऐकलं, सेठ? डोक्यात थंडी, तोंडातून ओकारी, पायात लटपट. अशी थंडी गोंदियाच्या भट्टीत बाटलीनं भेटते.

खेमराज : मग घे ही लोखंडी. सगळ्यात मोठी आहे. थंडीचा बाप पळेल.

बकाराम : बांधा. हेच बांधा.

रुख्मा : थांबा. बांधू नका. एवढी शेगडी न्यायची तं हमाल लागल. आधी तं तो साहेब दाखवा पुन्हा.

खेमराज : साहेब तुम्हाला आवडला वाटतं.

रुख्मा : साहेब नाई, त्याची अक्कल पाहते म्हटलं. हे पाहा. यानं तंबूचं दार काऊन उघडं ठेवलं? बाहेर एवढं बर्फ.

खेमराज : चित्र काढणाऱ्यानं ठेवलं. बंद केलं असतं तर साहेब कसा दिसला असता?

रुख्मा : बरं. अन् वरतं हे भोक? कापडाले बरोबर गोल कापून, कडेनं शिवलं हाय. साहेब वरून बी दिसाले पाह्यजे का?

बकाराम : येडा असल. बर्फावर बसते, शेगडी पेटवते, अन् वाऱ्याले म्हनते ये.

खेमराज : खरं सांगू, तो आपला बंगल्यातला साहेबही तसाच येडा. त्याचा माळी सांगायचा, थंडीत हीटर लावतो अन् खिडकी उघडी ठेवतो. थोडीशी नाही, वीतभर. आम्ही हसायचो, साहेब आता हिंदुस्तान गरम करायला निघाला.

रुख्मा : एक चैतरामभाऊ बी तसाच. मांडव होता माह्या भावाकडं, हे दोन रात नव्हते, तं चैतराम राखनीले बसला. दार सताड उघडं. आतून कुडकुडत होता, पर सकाळी कसा सरळ खुट्यावानी उभा! खुशालभाऊ म्हने, राखनदार असा पाह्यजे.

बकाराम : चैतराम भितरा हाय. तलावातली सटवी येते म्हनते. पळाले बरं म्हून दार उघडं ठेवते.

रुख्मा : कायले का ठेवत नाई, झिंगला तं नाई.

बकाराम : त्याची काय गोष्ट सांगतं! मी बी एक दिवस नाई झिंगलो. दाराची फळी निंघाली होती, आठवते का तुले? रातभर दार नव्हतं. थंडीनं मेलो, पर डोकं नाई ठनकलं.

रुख्मा : त्या दिवशी बाटली संपली असल.

बकाराम : अन् भुऱ्याची बाटली?

खेमराज : भुऱ्या कोण?

बकाराम : कुत्रा, सेठ. बाहेर झोपते रोज. मांगच्या हप्त्यात दव जास्त होतं, म्हून आत घेतला. सकाळी उठेच ना. पाय धरून बाहेर ओढला, तं चार पावलं वाकडातिकडा चालला अन् पडला. झाडाखाली पडून राहिला. मंग आपोआप उठला अन् पोळी मांगाले घरी गेला.

खेमराज : कुत्रं बी पितं? तुमच्या गावात राहायला यायला पाहिजे.

रुख्मा : मले काऊन नाई सांगतलं हे?

बकाराम : सांगतलं. तू म्हनली, आता कुत्र्याले बी पाजता का?

रुख्मा : ... हो. म्हनली होती.

बकाराम : मंग पूरा गाव हासला.

(रुख्मा पेटी उचलून दुकानाच्या दाराशी उजेडात नेते. चित्र डोळ्यांजवळ धरून उभी राहते.)

खेमराज : बाई, पेटी विकायची नाही मला. पेटीसकट शेगडी आहे.

रुख्मा : थांबा, सेठ. तुमी सांगा, वाकडं नका बोलू. पहिल्यांदा कवा डोकं ठनकलं?

बकाराम : सारवन वाळल्यावर. नाई... पहिले चार दिवस नाई. तवा दार लावलं नव्हतं. फळी लावली, अन् मंग.

रुख्मा : कुडाची झोपडी होती, तवा गोरसी होती का आत?

बकाराम : होती. हेच.

रुख्मा : तवा नाई ठनकलं.

बकाराम : नाई.

रुख्मा : दाराले पोतं लावलं तवा?

बकाराम : जास्त.

रुख्मा : निखारे डबल केले तवा?

बकाराम : अजून जास्त. त्याच दिवशी ओकलो मी सगळ्यायच्या पुढं.

रुख्मा : अन् बाहेर येऊन बसले का?

बकाराम : हळूहळू मोकळं वाटते. ऊन चढेपर्यंत बरा.

रुख्मा : मी म्हनत होती, उतरली.

खेमराज : दारू अशी उतरत नाही, बाई. हे मी शिकून नाही, अनुभवानं सांगतो. मला बायकोनं कितीदा घराबाहेर काढलं, बाहेर गेल्यानं उतरली असं एकदाही झालं नाही.

रुख्मा : म्हंजे दारू नाई.

बकाराम : हेच मी...

रुख्मा : चूप राहा, मले बोलू द्या. थंडी बी नाई. दार नव्हतं, थंडी आत आली, तं डोकं बरं राहिलं. दार लावलं, थंडी बाहेर राहिली, तं डोकं गेलं. कुत्रा आत होता तं पडला, बाहेर ओढला तं उठला. आत जे हाय, ते गोरसीचंच हाय. निखाऱ्यातून काही निंघते.

खेमराज : निखाऱ्याला धूर कुठे असतो? धूर जाऊ दिल्यावरच तर निखारे भरतात.

रुख्मा : धूर असता तं बरं होतं, सेठ. धुरानं डोळे झोंबतात, मानूस खोकते, बाहेर पळते. हे दिसत नाई, झोंबत नाई. म्हून मानूस झोपून राहते.

बकाराम : घरात बी तं गोरसी ठेवतो आपन. माह्या मायच्या खाटेखाली जिंदगीभर होती.

रुख्मा : घराले कवेलूचं छप्पर हाय, फटीफटीचं. रातभर उंदीर जाते येते, वाऱ्याले काय अडचन? झोपडीले काहीच नाई. झोपडी मी बंद केली.

बकाराम : तू वारा लागू नये म्हून केली.

रुख्मा : हो. बरोबर केली. भोक बी नाई ठेवलं.

बकाराम : सेठ, मंग हे मोठी सिगडी नेली असती तं?

खेमराज : तर सोमवारच्या बैठकीला तुझी काही हरकत राहिली नसती.

बकाराम : अन् तुमी बांधून देत होते!

खेमराज : मी विकतो रे भाई, आत झोपायला थोडीच जातो. गिऱ्हाइकानं मागितली मोठी, मी दिली मोठी. साहेबानं वरचं भोक दाखवलं होतं, त्याला आपण तिघं मिळून येडा म्हटलं. मी एकटा नव्हतो.

रुख्मा : तुमची चूक नाई, सेठ. तुमी तं शेगडी विकत होते. मी आनलं यायले.

खेमराज : मग आता काय देऊ? हीटर, सिगडी, गोरसी?

रुख्मा : खिडकी हाय का?

खेमराज : खिडक्या लिलावात दुसऱ्यानं नेल्या.

रुख्मा : मंग राहू द्या. गोरसी घरी हाय. सबल बी हाय.

बकाराम : सबल कायले?

रुख्मा : भोक पाडाले. एक दाराच्या समोर खाली, एक वर, ताडपत्रीच्या जवळ. साहेबानं कापलं तसं. अन् फळी काढून टाकाची. दुपारच्या गाडीनं गेलो तं अंधाराच्या आत होऊन जाईल.

बकाराम : तुह्या हातचं सारवन तूच फोडशील?

रुख्मा : मंग काय, चैतरामले बोलावू?

बकाराम : अन् सोमवारी? बैठकीत कोन मानल हे, रुख्मा? मी जाळ्याले हात लावून शपथ घेतली. ढिवर जाळ्यावर खोटं बोलत नाई, हे लहान पोट्ट्याले बी मालूम हाय. एकानं नाई मानली. मान खाली घालून हासले. आता त्यायले सांगू का निखारा मले दारू पाजते? खुशालभाऊ म्हनल, राखनदार येडा बी झाला.

रुख्मा : तुमी नका सांगू. तुमचं बोलनं तसं बी कोनी ऐकत नाई.

बकाराम : मंग?

रुख्मा : तुमी पेता, हे मी सांगतलं तं खुशालभाऊनं बोलता बोलता मानलं. एक शब्द उलटा नाई विचारला. पेत नाई, हे बी आता मीच सांगीन. पाहू कसा विचारते उलटा.

खेमराज : बिचारा खुशालभाऊ.

बकाराम : अन् विचारलं तं? सबूत मांगला तं?

रुख्मा : मी आज रातपासून तठीच झोपीन. सोमवारपर्यंत. सकाळी लोक जाळे घेऊन येतील, तं राखनदार सरळ उभा दिसल अन् त्याची बायको बी. ज्यायले तोंडाचा वास घ्याचा असल त्यानं आधी माह्या तोंडाचा घ्यावा.

खेमराज : एवढा हिंमतवाला तुमच्या सोसायटीत आहे?

रुख्मा : नाई. म्हूनच म्हटलं.

बकाराम : रुख्मा, फळी काढली तं दाराच्या जागेवर भगदाड. पान्याचा वारा सरळ तठून येते. दोघं झोपलो तं एकाले दाराशीच झोपावं लागल.

रुख्मा : मी झोपीन दाराशी.

बकाराम : तू नको. मले सवय हाय. तुले थंडी वाजल.

रुख्मा : वाजू द्या.